पार्किंग लावलं की उजवा बाण पेटतो: एका पिकअपच्या इंडिकेटर बिघाडाचं प्रकरण

गाडी दीड टन क्षमतेची डिझेल पिकअप, १२ व्होल्टची. काम भाजीपाला वाहतुकीचं. नारायणगावहून माल भरायचा आणि आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण असं करत पहाटेआधी वाशी गाठायची. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात पुढचं दिसत नाही म्हणून मालकाने बंपरवर दोन पिवळे एलईडी फॉग लॅम्प बसवून घेतले. त्याच बैठकीत हौद्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मार्कर लाइट (गाडीची कड दाखवणारे छोटे दिवे) लागले. पंधरा दिवसांनी रात्री माल भरताना उजेड हवा म्हणून हौद्याच्या आत, ताडपत्रीच्या कमानीखाली, तीन मीटर पांढरी एलईडी पट्टीही लागली.

त्यानंतर महिन्याभरात तक्रारींची यादी अशी झाली. पार्किंग लाइट लावले की डॅशबोर्डवरचा उजवा बाण कायम पेटलेला. दिवसा उजवा इंडिकेटर दिला की टेल लॅम्प आणि डॅशबोर्डच्या मीटरचा उजेडही त्याच तालावर मिचकतो. डावा इंडिकेटर एरवी बरा वाटतो, पण ब्रेकवर पाय ठेवला की टकटक दुप्पट वेगाने होते. पार्किंगचा फ्यूज दोनदा उडाला, तिसऱ्यांदा मात्र उडाला नाही. का उडाला नाही, ते पुढे येईलच.

मालकाचं म्हणणं एकच: फॉग लावले आणि तेव्हापासून सुरू झालं. म्हणून आधीच्या दुकानात फॉग काढून पाहिले, दोनदा फ्लॅशर (इंडिकेटरला मिचकवणारा छोटा डबा) बदलला. फरक शून्य. फ्लॅशरवर संशय जाणं साहजिक आहे, कारण टकटक तिथूनच ऐकू येते. पण इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर वेग वाढवतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, तक्रार करत असतो.

या गाडीत काय काय असायला हवं

मोजमापाआधी कागदावर हिशेब मांडला तर निम्मं काम होतं. प्रत्येक बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि बाजूला ५ वॅटचा छोटा रिपीटर, मिळून ४७ वॅट. १२ व्होल्टवर हा प्रवाह ३.९ अँपिअर होतो. एक २१ वॅटचा बल्ब गेला तर उरतात २६ वॅट, म्हणजे साधारण २.१ अँपिअर. फ्लॅशरच्या आत एक अगदी कमी रोधाची पट्टी असते. तिच्यावरचा व्होल्टेज पाहून तो प्रवाह ओळखतो आणि या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी ठरवलेल्या रेषेखाली प्रवाह गेला की वेग दुप्पट करतो. नियमाने इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा मिचकायला हवा. त्यापुढे गेला तर एक बल्ब पेटत नाही, असं समजून चालायचं.

पार्किंगच्या सर्किटवर पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबर प्लेटचा एक असे ५ वॅटचे पाच बल्ब आणि मीटरचे बारीक दिवे. हे सगळं अडीच अँपिअरच्या आत. मूळ फ्यूज ७.५ अँपिअरचा.

फ्लॅशर तीन पिनांचा: ४९ वर फ्यूजमधून येणारा प्लस, ४९ए वरून स्विचकडे जाणारं आउटपुट, ३१ वर अर्थ (चॅसीतून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट). अशा गाडीत एक सोपी युक्ती चालते. फ्लॅशर काढायचा आणि सॉकेटच्या ४९ व ४९ए या दोन भोकांमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडायचा. इंडिकेटर मिचकायचे थांबतात, सलग पेटतात आणि त्या बाजूचा पूर्ण प्रवाह मीटरवर स्थिर दिसतो. मिचकणाऱ्या दिव्यावर व्होल्टेज मोजायला गेलं तर मीटरचे आकडे नुसते नाचत राहतात. स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरची रेंज सेकंदांच्या हिशेबानेच वापरायची असते, म्हणून वाचन घेतलं की इंडिकेटर बंद. पुढे फक्त व्होल्टेज मोजायचा असेल तर मीटरऐवजी १० अँपिअरचा फ्यूज घातलेला वायरचा तुकडा लावावा. फ्लॅशर नसलेल्या आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा छोटा संगणक) इंडिकेटर चालवत असलेल्या नव्या गाड्यांवर मात्र हा प्रयोग अजिबात करू नये. तिथे मॉड्यूलच जायचं.

आधी डोळ्यांनी

मीटर काढण्याआधी एक माणूस मागे उभा केला आणि तीन गोष्टींच्या सगळ्या जोड्या लावून पाहिल्या: पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर. डावी बाजू आठ प्रकारे, उजवी आठ प्रकारे. दहा मिनिटांचं काम, पण आधीच्या दुकानात ते झालं नव्हतं. वही समोर आल्यावर दिसलं की तक्रारी चार असल्या तरी बिघाड दोन स्वतंत्र ठिकाणी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

डावीकडे: नुसता इंडिकेटर दिला तर मागचा डावा दिवा लालसर, मंद पेटतो आणि त्याच वेळी *उजवा* ब्रेक लाइट पुसटसा मिचकतो. ब्रेक दाबून इंडिकेटर दिला तर पुढचा पेटतो तेव्हा मागचा विझतो, पुढचा विझतो तेव्हा मागचा पुसट पेटतो आणि टकटक जलद होते.

उजवीकडे: पार्किंग लावलं की मागचा इंडिकेटर आणि बाजूचा रिपीटर सलग पेटतात. पुढचा पेटत नाही. ही शेवटची नोंद वहीत होती, पण तिचा अर्थ लागला सगळ्यात शेवटी.

फॉगचा रिले (स्विचच्या बारीक प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा डबा) काढून हीच फेरी पुन्हा केली. काहीही बदललं नाही. फॉगची जोडणी पाहिली तर ती उलट सगळ्यात नीट होती: बॅटरीवरून थेट, १५ अँपिअरचा फ्यूज, रिले, वेगळी अर्थ. दोन दिवे मिळून ४० वॅट. ज्याच्यावर महिनाभर आळ होता तो निर्दोष निघाला.

डावी बाजू: तरंगणारी अर्थ

मीटर ४९ आणि ४९ए मध्ये, बॅटरी १२.४ व्होल्ट, इंजिन बंद. डावा इंडिकेटर: ३.१ अँपिअर. हवे होते ३.९ च्या आसपास. एक बल्ब पूर्ण गेला असता तर २.१ दिसले असते. म्हणजे बल्ब जिवंत आहे, पण त्याला पोटभर मिळत नाही.

मग फ्यूजवाला तुकडा लावून मागच्या डाव्या लॅम्पच्या अर्थ पिनवर मीटरची लाल तार आणि बॅटरीच्या मायनसवर काळी. इथे ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले ७.२. ब्रेक दाबल्यावर ११ च्या वर.

एका लॅम्पमध्ये इंडिकेटर, ब्रेक आणि टेल या तिघांची अर्थ एकच असते. ती तुटली की इंडिकेटरमधून आलेला प्रवाह परतीची वाट शोधतो. त्याला ती सापडते डाव्या ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटं जाऊन, ब्रेकच्या वायरने पलीकडच्या उजव्या ब्रेक लाइटकडे आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून चॅसीकडे. सारख्या वॅटचे तीन फिलामेंट एका माळेत आले, म्हणून तिन्ही मंद आणि म्हणून उजवा ब्रेक लाइट पुसटसा मिचकतो. ब्रेक दाबला की त्या वायरवर आधीच १२ व्होल्ट येतात, वाट बंद होते, इंडिकेटरच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज होतो आणि तो विझतो. प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास येतो आणि फ्लॅशर "बल्ब गेला" म्हणून धावायला लागतो. घाट उतरताना पाय ब्रेकवरच असतो. म्हणजे नेमका जिथे डावा इंडिकेटर मागच्याला दिसायला हवा, तिथेच तो दिसत नव्हता.

ब्रेक आणि इंडिकेटर एकमेकांत गुंतले की वायर शॉर्ट झाली असेल, असं समजून हार्नेस (तारांचा जुडगा) सोलायला घेतात. तसं करू नये. आधी अर्थ मोजावी. दहातले बहुतेक असे गुंते तिथेच सुटतात.

कारण लॅम्पमागे सापडलं. लॅम्पची अर्थ ब्रॅकेटवरच्या एका बोल्टला होती. मार्करवाल्याने त्याच बोल्टखाली आपल्या तीन दिव्यांच्या अर्थच्या तारा नुसत्या पिळून गुंडाळल्या होत्या, लग (तारेच्या टोकाला बसणारी भोकाची धातूची टोपी) न लावता. बोल्ट सैल करून पुन्हा आवळताना मूळ लग तिरका झाला आणि नुकत्याच रंगवलेल्या ब्रॅकेटच्या रंगावर बसला. पहिले काही दिवस बोल्टच्या आट्यांमधून संपर्क मिळत राहिला. मग टोमॅटोच्या क्रेटमधून गळणारं आंबट पाणी आणि रोजची धुलाई यांनी तांबं हिरवं पडलं.

दुरुस्ती: हिरवी पडलेली तार मागे कापत कापत लखलखीत तांबं येईपर्यंत गेलो की दोन-तीन सेंटिमीटर जातातच, तेवढी जागा धरूनच चालावं. १.५ चौरस मिलिमीटरची नवी तार, ६ मिलिमीटर भोकाचा कथिल चढवलेला लग क्रिम्प करून (पकडीने दाबून), वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). ब्रॅकेटवर नाही, चॅसीवर नवी जागा. तिथे पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढा रंग काढून धातू उघडा केला, दातेरी वॉशर, एम-६ बोल्ट आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावायची नाही, आवळल्यावर. मार्करच्या अर्थला स्वतंत्र बोल्ट. ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर तिन्ही चालू ठेवून अर्थ पिनवर पुन्हा मोजलं: ०.१ व्होल्ट. डाव्या बाजूचा प्रवाह ३.९ अँपिअर, पार्किंग चालू असो वा नसो.

उजवी बाजू: दोन डायोड आणि एक पट्टी

मीटर त्याच जागी. उजवा इंडिकेटर: ७.९ अँपिअर. दुप्पट. मीटरच्या मर्यादेच्या जवळचा आकडा, म्हणून तीन सेकंदांत बंद. इथे प्रवाह कमी नाही, जास्त आहे. म्हणजे इंडिकेटरच्या वायरवर कोणीतरी पाहुणा बसलाय.

मार्करच्या तारा मागे काढत गेल्यावर हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात टेपचा एक गोळा मिळाला. मार्कर पार्किंगबरोबर सलग पेटावेत आणि इंडिकेटरबरोबर मिचकावेत, अशी मालकाची हौस होती. त्यासाठी पार्किंगची आणि इंडिकेटरची, अशा दोन तारा एकेका डायोडमधून (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणून एकत्र केल्या होत्या आणि त्या जोडावरून मार्कर. डायोड १एन४००७, क्षमता १ अँपिअर. तीन मार्कर मिळून जेमतेम ०.१५ अँपिअर खातात, त्यामुळे कल्पना तत्त्वतः चुकीची नव्हती. फक्त निरुपयोगी होती. रात्री पार्किंग चालूच असतं, मार्कर सलग पेटलेलेच असतात, मग इंडिकेटरने ते मिचकणार कसे? मिचकायचे ते दिवसा, आणि दिवसा त्यांच्याकडे कोण बघतंय!

खरा घात पट्टीने केला. नंतर लावलेली तीन मीटर पट्टी याच जोडावर टाकली होती, कारण तो हाताशी होता. मीटरला ६० एलईडींची ५०५० पट्टी मीटरमागे १४.४ वॅट खाते. तीन मीटरला ४३ वॅट, १२ व्होल्टवर ३.६ अँपिअर. इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर ती पाच अँपिअरपर्यंत जाते, कारण पट्टीत प्रवाह नियंत्रित करणारं काही नसतं, नुसते रोध असतात. एवढा प्रवाह एका अँपिअरच्या डायोडमधून, तोही टेपमध्ये गुंडाळलेल्या, वारा न लागणाऱ्या. मालाच्या भरणीच्या एक-दोन रात्रींत पार्किंगकडचा डायोड भाजून शॉर्ट झाला. तो शॉर्ट झाल्यावर दिवसा उजवा इंडिकेटर दिला की पट्टी आणि पार्किंगचे सगळे दिवे मिळून सहा-सात अँपिअर दुसऱ्या डायोडमधून जायला लागले. तोही गेला. आता पार्किंग आणि उजवा इंडिकेटर ही एकच वायर झाली.

मीटरच्या डायोड रेंजवर, दोन्ही टोकं मोकळी करून: चांगला डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो आणि उलट्या बाजूने ओएल, म्हणजे प्रवाह जात नाही. इथले दोन्ही डायोड दोन्ही बाजूंनी शून्य. डाव्या जोडातले दोन्ही मात्र शाबूत होते, कारण तिकडे पट्टी नव्हती. पट्टी ताडपत्रीखाली असल्याने ती इंडिकेटरबरोबर मिचकते हेही कोणाला दिसलं नव्हतं.

फ्यूजचं कोडंही इथेच सुटलं. इंजिन चालू, पार्किंग चालू: पार्किंगचे दोन-सव्वादोन, पट्टीचे पाच, उजव्या इंडिकेटरचे दोनच्या वर. जवळपास १० अँपिअर ७.५ च्या फ्यूजवर. असा फ्यूज लगेच उडत नाही, काही मिनिटं तग धरतो आणि मग जातो. दोनदा गेला, तिसऱ्यांदा त्याच्या जागी २० अँपिअरचा बसवला गेला. मागे जाणारी पार्किंगची तार बारीक, ०.७५ चौरस मिलिमीटरच्या आसपासची. २० चा फ्यूज वाट बघत बसला असता, तार आधी तापली असती. या सगळ्या प्रकरणात खरी भीतीदायक गोष्ट हीच. इंडिकेटरचा घोळ चेष्टेवारी नेता येईल, हा नाही. अर्थात रात्रभर उजवा इंडिकेटर सलग पेटलेला असणंही साधं नाही. आपल्याकडे घाटात उजवा इंडिकेटर कोणी "वळतोय" म्हणून देतो, कोणी "पुढे जा" म्हणून. न मिचकणाऱ्या दिव्याचा मागचा ड्रायव्हर काय अर्थ घेईल, देव जाणे.

जोड पूर्ण उखडला. मार्कर दोन्ही बाजूंना फक्त पार्किंगवर ठेवले, इंडिकेटरच्या वायरशी त्यांचा संबंध तोडला. मूळ हार्नेसला जिथे ब्लेडने सोललं होतं तिथे कापून, क्रिम्प करून, गोंद असलेली हीट श्रिंक. इन्सुलेशन टेप इंजिनच्या उष्णतेत आणि पावसात चिकट लगदा होते, ती जोडावर नको. पट्टीला स्वतंत्र पुरवठा: बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ७.५ अँपिअरचा इनलाइन फ्यूज, तिथून १.५ चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या ३० वर, ८७ वरून पट्टी, ८६ ला डॅशवरच्या वेगळ्या स्विचची तार, ८५ अर्थ. तार पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. पट्टी माल भरण्यापुरतीच. गाडी चालताना हौद्यातून मागे पांढरा उजेड दिसता कामा नये, म्हणून स्विच पार्किंगपासून मुद्दाम वेगळा ठेवला.

दुरुस्तीनंतर बिघडलेला उजवा

सगळं बसवून फ्लॅशर लावला, उजवा इंडिकेटर दिला आणि तो जलद धावायला लागला. आत्तापर्यंत हाच एक इंडिकेटर वेगाने ठीक होता!

मीटर पुन्हा: २.१ अँपिअर. हा आकडा ओळखीचा. २१ वॅटचा एक बल्ब गेलाय. पहिल्या पाहणीत "पुढचा पेटत नाही" अशी जी नोंद होती, ती आता कळली. पुढचा उजवा बल्ब कधीचाच गेला होता. पट्टी आणि पार्किंगचा पाच-सहा अँपिअरचा भार इंडिकेटरच्या वायरवर बसल्यामुळे फ्लॅशरला प्रवाह भरपूर दिसत होता. त्याच्या लेखी सगळे दिवे पेटत होते. मागचाही गेला असता तरी टकटक तशीच शांत राहिली असती. मिचकण्यासाठी असलेला बल्ब रात्र-रात्र सलग पेटत राहिल्यावर लवकर जातो आणि होल्डरही तापतो. इथे होल्डरचं प्लास्टिक एका कडेने करपलं होतं. बल्बबरोबर होल्डरही बदलला.

या क्षणी दोन शॉर्टकट हाताशी होते आणि बाजारात दोन्ही चालतात. एक, "एलईडी फ्लॅशर" लावायचा, जो भार न बघता एकाच वेगाने चालतो. दुसरा, ६ ओहमचा ५० वॅटचा लोड रेझिस्टर इंडिकेटरला समांतर टाकायचा, जो १२ व्होल्टवर २४ वॅट खाऊन एका बल्बचं सोंग आणतो. दोन्हींनी टकटक सरळ झाली असती आणि पुढचा उजवा कोपरा अंधारातच राहिला असता. सगळे दिवे एलईडी केले असतील तेव्हा या वस्तूंना जागा आहे. फिलामेंटच्या बल्बवर त्या लावणं म्हणजे ताप मोजायला नको म्हणून थर्मामीटर फोडणं.

नवा बल्ब लावल्यावर उजवीकडे ३.८ अँपिअर, डावीकडे ३.९. घड्याळ लावून मोजलं तर दोन्ही बाजू मिनिटाला ८४. हॅझर्ड दहा मिनिटं चालू ठेवून फ्लॅशरला हात लावला, कोमट. पार्किंगचा फ्यूज पुन्हा ७.५. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्कर पेनने आकडा लिहिला आणि त्याच मापाचे दोन जादा फ्यूज टेपने चिकटवले, म्हणजे रात्री मुरबाडच्या पुढे अंधारात हाती येईल तो फ्यूज घुसडला जाणार नाही.

आठ दिवसांनी गाडी धुऊन, ओली असतानाच, डाव्या मागच्या अर्थवर पुन्हा मीटर लावला: ०.१२. आधीच्या दुकानात काढून टाकलेले दोन जुने फ्लॅशर मालकाने डिकीत जपून ठेवले होते. दोन्ही लावून पाहिले. दोन्ही चांगले होते. एक आता स्पेअर म्हणून डॅशच्या कप्प्यात आहे.